नाकाचा ठसा

१

विमानतळावर जायचं म्हटलं की सर आदल्या रात्री जागे राहायचे, आणि ते विमानाच्या भीतीने नव्हे. विमान पडलं तर पडलं, त्यात आपल्याला कोणी बोल लावणार नाही, असं ते म्हणत. त्यांनी धसका घेतला होता तो तपासणीचा. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. ‘सिद्ध करून दाखवा’ हे शब्द त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांना ऐकवले होते. तपासणीच्या रांगेत ते न बोलता त्यांनाच ऐकवले जात, आणि आपण साधेसुधे गृहस्थ आहोत हे सिद्ध करता येईल याची त्यांना कधीच खात्री वाटत नसे.

सामान कॅमेऱ्याचं होतं, आणि कॅमेरा बाईंचा. बाई म्हणजे सरांची बायको. शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मुलांच्या तोंडचं ‘बाई’ त्यांना घरीदारी चिकटलं, ते सरांच्याही तोंडी बसलं. फोटो बाईंनी काढायचे आणि ओझं सरांनी वाहायचं, ही वाटणी लग्नापासूनची. “हे आमचे हमालबुवा,” अशी त्या चारचौघांत ओळख करून देत, आणि सर मान तुकवून ती कबूल करत.

हमालबुवांकडे आणखी एक काम असे. सगळं जग कॅमेऱ्याला उजवा डोळा लावतं. बाई डावा लावत. उजवा लावला की नाक कॅमेऱ्याच्या कडेबाहेर राहतं. डावा लावला की ते थेट मागच्या स्क्रीनवर दाबलं जातं, आणि दर फोटोगणिक तिथे एक तेलकट, गोल ठसा उमटतो. तो पुसायला सरांच्या खिशात कायम एक मऊ फडकं असे. “नाक मुरडायचं सोडून दाबता कशाला,” असं ते पुसता पुसता म्हणत. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं: “तुम्हाला काहीतरी काम नको का?”

डाव्याने बघताना बाई उजवा डोळा घट्ट मिटून घेत. त्याची इतकी सवय झाली होती की कॅमेरा हातात नसतानाही, एखाद्या समारंभात सर कोणा बोलघेवड्या माणसाच्या तावडीत सापडलेले दिसले की त्या लांबूनच उजवा डोळा मिटत. काढला तुमचा फोटो, असा त्याचा अर्थ. भरल्या सभागृहात तो फक्त सरांना कळे.

२

या वेळी जायचं होतं लेकीकडे. नात झाली होती, आणि तिचे फोटो दुसऱ्या कोणी काढायचे नाहीत, असा बाईंनी लेकीला फोनवरूनच दम भरला होता.

कॅमेऱ्याचं सामान खाली, विमानाच्या पोटातल्या बॅगांबरोबर द्यायचं नाही. ते हातातल्या बॅगेत जवळ ठेवायचं, हा बाईंचा नियम. जादा बॅटऱ्या तर खाली देताच येत नाहीत. सरांनी आदल्या दिवशी त्यांच्या टोकांना चिकटपट्ट्या लावल्या, लेन्सची झाकणं दोनदोनदा फिरवून पाहिली, धूळ उडवायच्या रबरी ब्लोअरमधली हवा काढून तो चपटा करून ठेवला. वजन काट्यावर जास्त भरू नये म्हणून लांबचं जवळ आणणारी ती जड लेन्स त्यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात गेली.

त्या खिशाला इतिहास होता. मागच्या प्रवासात तपासणीनंतर सरांना ती लेन्स बॅगेत दिसेना. त्यांनी रांगेत सर्वांदेखत अधिकाऱ्यावर चोरीचा आळ घेतला, मोठ्या साहेबांना बोलवायला लावलं, आणि शेवटी बाईंनी त्यांच्याच छातीवर हात ठेवून म्हटलं, “हे इथे काय धडधडतंय बघा बरं.” तेव्हापासून घरात चष्मा, किल्ली, काहीही हरवलं की लेक फोनवरून म्हणायची, “बाबा, आधी स्वतःचे खिसे तपासा.”

हसण्यावारी गेलं, पण सरांच्या मनातून गेलं नाही. त्यानंतर ते गुपचूप एका डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं आणि काटे दाखवायला सांगितले. घड्याळ झकास निघालं. काटे कुठली वेळ दाखवायचे होते, ते मात्र काढता काढता विसरलं. वयाप्रमाणे आहे, काळजी नको, असं डॉक्टर म्हणाले. काळजी नको म्हटल्यावर कोणाची काळजी थांबली आहे?

तपासणीच्या दालनाआधी, दुपारच्या त्या भगभगीत उजेडात, बाईंनी सरांना थांबवलं. सर बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभे होते, पोर धरावं तशी. “हलू नका. हमाल कामावर,” असं म्हणून बाईंनी उजवा डोळा मिटला आणि फोटो काढला. स्क्रीनवर नेहमीचा ठसा उमटला. सरांनी फडक्यासाठी खिशात हात घातला, तेवढ्यात रांग पुढे सरकली, मागच्याने चला चला केलं, आणि पुसायचं राहून गेलं.

३

दालन एखाद्या मोठ्या गोदामासारखं होतं. वर पांढऱ्या नळ्या, खाली सरकते पट्टे, आणि ट्रे एकमेकांवर आपटल्याचा एकसारखा आवाज. पुरुषांनी चौकटीतून पलीकडे जायचं. बायकांच्या तपासणीसाठी बाजूला एक खोपी केलेली. तीन बाजूंना फळ्या, चौथीला निळा पडदा, तोही घोट्याच्या वरच संपलेला. आत एक बुटकं लाकडी पाऊलठाण होतं. पडद्याखालून त्यावर चढणाऱ्या उतरणाऱ्या बायकांच्या चपला तेवढ्या दिसत.

बाईंनी गळ्यातला कॅमेरा काढून सरांच्या ट्रेमध्ये ठेवला. एरवी त्या तो शेवटच्या क्षणापर्यंत सोडत नसत. पण पुढे उभी असलेली अधिकारी बाई घाई करत होती. “सांभाळा,” एवढं बोलून त्या पडद्याआड गेल्या. सरांना आतून आवाज ऐकू आला: “हात पसरून उभ्या राहा.” पाऊलठाणावर बाईंचे तपकिरी बूट स्थिर झाले.

इकडे सरांची परीक्षा सुरू झाली. या खेपेला त्यांनी न विचारताच खिशातली लेन्स काढून अधिकाऱ्यापुढे धरली आणि ती आपलीच असल्याचं मोठ्याने जाहीर केलं. अधिकारी तरुण होता. त्याने लेन्स, मूठ, पट्टा यांवरून कागदाची पट्टी फिरवली, ती यंत्रात घालून पाहिली, आणि कॅमेरा चालू करून दाखवायला सांगितलं. सरांनी कळ दाबली. स्क्रीनवर मघाचा फोटो आला, बॅग कवटाळलेले सर. त्यावर मधोमध तो ठसा.

अधिकारी हसला. कोणी काढलाय, असं त्याने विचारलं. बायकोने, असं सर म्हणाले आणि त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. रांगेत बाईंच्या मागे एक तांबड्या बॅगेची बाई होती, तिची बॅग आपल्या ट्रेला लागली म्हणून तिने माफी मागितली होती. ती तांबड्या बॅगेची बाई आता पलीकडे उभी राहून पायात चपला सरकवत होती. तिची तपासणी झालेली होती.

सरांनी खोप्या मोजल्या. एकच होती. म्हणजे तांबड्या बॅगेची बाई मागे नसून पुढेच असेल. आपण उलट पाहिलं असेल. पण तिने माफी मागितली ती मागे वळून की पुढे वाकून? ते आठवायचा प्रयत्न करू लागले आणि आठवण हाताला लागेना. ओल्या साबणासारखी सुटत राहिली.

पडदा हलला. आणखी एक म्हातारी बाहेर आली, मग एक शाळकरी वयाची मुलगी. प्रत्येकीच्या वेळी आतून तेच आधी ऐकू येई, हात पसरून उभ्या राहा, आणि मग, झालं, हात खाली घ्या. बाईंच्या वेळी ते दुसरं वाक्य ऐकलेलं सरांना आठवेना.

“कुठे बघताय?” कोणीतरी कोपराला धरून म्हणालं. बाई शेजारी उभ्या होत्या. पडद्यातून त्या कधी निघाल्या ते सरांनी पाहिलं नव्हतं.

४

वर बसायच्या जागी एका बाजूला सबंध काच होती आणि तिच्यातून खालचं तपासणीचं दालन दिसत होतं. सरांनी काचेलगतच्या खुर्च्या धरल्या, बॅग मांडीवर घेतली, आणि सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायला लागले. सगळं होतं. इतकं सगळं असल्याचा त्यांना कधी अनुभव नव्हता.

बाईंनी कॅमेरा मागितला. “उजेड छान आहे,” त्या म्हणाल्या. “इकडे बघा.”

सरांनी बघितलं. बाईंनी कॅमेरा वर उचलला, डोळ्याला लावला. नाक कडेबाहेर राहिलं.

सर त्या नाकाकडे पाहत राहिले. फोटो निघाल्याचा आवाज झाला. बाईंनी कॅमेरा परत दिला आणि त्या शांतपणे खालच्या गर्दीकडे बघत बसल्या. स्क्रीनवर ठसा एकच होता. मघाचा, जुना, कडांना वाळू लागलेला.

डोळा दुखतोय का, असं सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. नाही हो, का बरं, असं त्या म्हणाल्या. आवाज तोच. विचारताना मान किंचित कलती करायची लकबही तीच.

आता तर्कशास्त्राने कामाला लागायला हवं होतं. समोरच्या माणसाचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. आपण बाईंना आयुष्यभर समोरूनच फोटो काढताना पाहिलं. कॅमेरा आपल्या उजवीकडे दिसायचा. आत्ताही... नाही. आत्ता तो डावीकडे होता. की आधी डावीकडे असायचा? सरांनी मांडीवर दोन बोटं धरून डावं उजवं लावून पाहिलं, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं. मग ठशाचं काय? ठसा तर्कावर चालत नाही. पण एखादा माणूस एखाद्या दिवशी दुसरा डोळा लावू शकत नाही का? शकतो. कोणता नियम आहे?

त्यांनी दुसरी वाट धरली. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात, नदीवरच्या पुलावर, नव्या लेन्सचं झाकण पाण्यात पडलं होतं. ते बाईंच्या हातून पडलं असं सरांचं म्हणणं. सरांनी कोपर मारलं म्हणून पडलं असं बाईंचं. हा वाद त्यांच्या घरातला सर्वांत जुना रहिवासी होता. लेक त्यावर मोठी झाली. आजारपणात, पाहुण्यांसमोर, एकदा तर कोणाच्या तरी तेराव्याला हळू आवाजात, तो झडला होता आणि बाई तसूभर मागे हटल्या नव्हत्या.

“ते पुलावरचं झाकण,” सर म्हणाले. “कोणाच्या हातून पडलं होतं?”

“माझ्याच की,” बाई म्हणाल्या, आणि गोड हसल्या. “तुम्ही किती वेळा सांगितलंत.”

आयुष्यात पहिल्यांदा सर तो वाद जिंकले होते. त्यांना जे आठवत होतं ते, आणि जसं आठवत होतं तसंच, त्यांच्या शेजारी बसलं होतं.

लेकीचा फोन आला. पोचलात का आत, बाबांनी या वेळी काय हरवलं, असं ती विचारत असावी, कारण बाई हसून म्हणाल्या, अजून काही नाही. मग फोन सरांच्या कानाला लावला. लेक म्हणाली, “बाबा, आईला त्रास देऊ नका हं.” सर म्हणाले, नाही देत. दुसरं काय म्हणणार? ही तुझी आई नाही, असं?

फोन झाल्यावर त्यांनी शेवटची चाचणी घेतली. बाईंच्या समोर उभं राहून त्यांनी डोळा मिटायचा प्रयत्न केला. त्यांना एक डोळा मिटता येत नसे, दोन्ही मिटत. त्यांनी ते उघडले तेव्हा बाई उत्तर देत होत्या. एक डोळा घट्ट मिटलेला, एक उघडा.

डावा मिटलेला होता. या वेळी सरांनी बोटं मोजली नाहीत. बाईंच्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं, आणि मिटलेला डोळा घड्याळाच्या बाजूचा होता.

५

खाली दालन ओसरत चाललं होतं. एक पट्टा बंद केलेला, त्यावर ट्रे उपडे रचलेले. बायकांच्या खोपीवरची नळी विझवली होती. अधिकारी बाईची खुर्ची रिकामी होती; तिची हातमोज्यांची पेटी कोणीतरी उचलून नेली होती.

सरांनी जड लेन्स खिशातून काढली आणि कॅमेऱ्यावर चढवली. काय बघताय, असं शेजारून विचारलं गेलं. काही नाही, असं म्हणून त्यांनी ती काचेला टेकवली. कॅमेरा हलू नये म्हणून कोपरं बरगड्यांना दाबून धरली. ही बाईंनीच शिकवलेली युक्ती. मागचा स्क्रीन चेहऱ्याला लागू नये, ठसा पुसला जाऊ नये, म्हणून त्यांनी मान वाकडी करून डोळा लावला.

आधी नुसता निळा रंग. मग घड्या दिसू लागल्या. पडदा सरळ पडलेला नव्हता. दोन्ही बाजूंना, खांद्याच्या उंचीला, तो आतून ताणलेला होता, वाळत घातलेल्या कापडाआड कोणी हात आडवे धरावेत तसा. ताण हलत होता. थोडा खाली येई आणि पुन्हा वर जाई. दमून हात उतरत असावेत आणि सांगितलं नाही म्हणून पुन्हा उचलले जात असावेत.

सरांनी लेन्स खाली नेली. पाऊलठाणावर तपकिरी बूट होते.

बूट बाजारात ढिगाने मिळतात, असं त्यांच्या डोक्यातला अध्यापक म्हणाला. सफाईवाली विसाव्याला उभी असेल. फळ्यांतून वारा येत असेल. तो बोलत राहिला आणि सरांनी लेन्स वर घेतली, कडेकडेने, जिथे पडदा आणि फळी यांच्यात बोटभर फट होती.

फटीत चेहऱ्याचा तुकडा होता. कपाळ, थोडा गाल. डावा डोळा टक्क उघडा, इतक्या लांबून थेट लेन्सच्या भिंगात बघणारा. उजवा घट्ट मिटलेला.

६

खाली उतरायचा जिना साखळी लावून बंद केलेला होता. साखळीपाशी मघाचाच तरुण अधिकारी उभा होता. त्याने सरांना ओळखलं, हसून हात आडवा केला. इथून परत जाता येत नाही, आजोबा, असं तो म्हणाला. काही राहिलंय का खाली? सांगा, मी आणवतो.

सरांचा श्वास लागला होता. कॅमेरा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, स्क्रीन आतल्या बाजूला, पण अंगाला न लागू देता.

“बायको,” ते म्हणाले.

अधिकाऱ्याने त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागून पावलं येऊन थांबली होती.

“मग ह्या कोण?” तो म्हणाला.

बाईंनी त्याला मागच्या प्रवासातली लेन्सची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली. छातीवर हात ठेवून काय धडधडतंय बघा बरं, इथपर्यंत. अधिकारी पोट धरून हसला. मग सरांचा चेहरा पाहून तो हसायचा थांबला. माणूस भला होता.

“आजोबा, खाली कोणी नाही. ती बाजू कधीच बंद झाली,” तो म्हणाला. “पण तुम्हाला चैन पडत नसेल तर मी जाऊन पडदा उघडून दाखवतो. चार पावलांवर तर आहे. उघडू?”

सगळ्या आयुष्यात त्यांना इतकं सरळ काही कोणी विचारलं नव्हतं. पडदा उघडला आणि आत कोणी नसलं, तर आपलं डोकं गेलं. लेकीला कळवावं लागेल, डॉक्टर, गोळ्या, कोणीतरी सतत पाठीशी. आणि आत कोणी असलं, तर कोपराला हलकेच धरून जी उभी आहे, तिच्याकडे वळून बघावं लागेल. तिलाही तेव्हा कळलेलं असेल की आपल्याला कळलंय. दोन्हींतून एक खरं असणारच, तिसरी शक्यता नाही, हे ते पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दाखवत. पडदा बंद असेपर्यंत मात्र दोन्ही तशीच राहतात.

खाली, काचेपलीकडे, निळ्या पडद्याचा ताण थोडा उतरला आणि पुन्हा वर गेला. की तो वारा होता?

“उघडू का?” अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं.

“नको,” सर म्हणाले.

७

विमानाकडे जाणारी वाट लांबट, पत्र्याची, खिडकी नसलेली होती. पावलं टाकली की खाली पोकळ आवाज यायचा. पुढे माणसं होती, मागे माणसं होती, आणि कोणी मागे वळत नव्हतं.

सर स्वतःशी समजूत घालत चालले होते. उतरल्यावर फोन करता येईल. विमानतळाच्या लोकांना सांगता येईल, एकदा बघून घ्या म्हणून. कोणीतरी झाडायला येईलच, पडदा सारेलच, आणि म्हणेल, बाई, तुम्ही इथे कशा? हात खाली घ्या आता. तोपर्यंत बाई धीर धरतील. त्यांना धीर भारी. पक्षी फांदीवर यावा म्हणून त्या अर्धा अर्धा दिवस न हलता उभ्या राहिलेल्या आहेत, कॅमेरा डोळ्याला लावून.

त्यांनी कॅमेरा किंचित तिरका करून पाहिला. ठसा होता. गोल, धुरकट, एका बाजूला जरा दबलेला. खिशातलं फडकं त्यांनी मुठीत आवळून धरलं होतं, बाहेर काढलं नव्हतं.

“द्या इकडे,” शेजारून बाई म्हणाल्या. “हात किती थरथरताहेत तुमचे. पाडाल.”

त्यांनी द्यायला नको होता. पण द्या म्हटल्यावर द्यायचा, ही सवय लग्नापासूनची. हात आपोआप पुढे झाले.

बाईंनी कॅमेरा उलटा करून पाहिला. क्षणभर त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. ओळखीचं काही दिसतंय का ते शोधावं, तशा.

“काय हो, किती घाण ठेवलीत ही,” त्या म्हणाल्या. त्यांनी स्क्रीनवर तोंडाची वाफ सोडली, आणि बाहीचं टोक बोटावर ओढून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश पुसला. मग तो सरांच्या डोळ्यांसमोर धरला.

“आता बघा,” त्या म्हणाल्या. “कसा लख्ख झाला.”